गप्प बसणाऱ्यांची गुहा

डोंगरउताराच्या एका जंगलात, गुन्हा करणाऱ्या जनावरांना कोंडून ठेवण्याची एक गुहा होती आणि तिच्या दाराशी एक रानगवा पहारा करीत असे. गोष्ट या गुहेची आहे. सिंहाची नाही, सशाच्या शर्यतीची नाही. तसली हवी असेल त्यांनी आत्ताच उठावं, मधे चुळबुळ चालायची नाही.

गवा अंगाने दांडगा, पण मनाने वाईट नव्हता. सुरुवातीला तो शिंगांनीच काम भागवायचा. कुणी दंगा केला की दिली ढुशी. पण ढुश्या खाऊन सुटलेली जनावरं महिनाभरात परत यायची, आणि येताना आणखी चिडलेली असायची. शेवटी ढुश्या देऊन देऊन गव्याचीच मान दुखायला लागली. तो म्हणाला, "मारून काही होत नाही. आता गोडीने बघू."

गुहेत आतपासून दारापर्यंत सात मोठे दगड होते. सगळ्यांत आतला दगड अंधारात, बरोबर वटवाघळांच्या खाली. तिथे अंगावर काय पडत असेल ते मी सांगत नाही, तुम्ही जेवून आलात. सगळ्यांत पुढचा दगड दारात, उन्हात, वाऱ्यावर. गव्याने नियम केला. नवा कैदी आतल्या दगडावर बसेल. आठ दिवस जागचा हलला नाही, तोंडातून आवाज काढला नाही, तर एक दगड पुढे. दारातल्या दगडावर आठ दिवस काढले की एक दुपार ओढ्यावर जाऊन घरच्यांना भेटायचं. आवाज केला किंवा दगड सोडला, की पुन्हा सगळ्यांत आत.

नियम असा लागू पडला की विचारू नका. गुहेत माशी उडाली तरी ऐकू यायची. दुसऱ्या जंगलांतले पहारेकरी मुद्दाम बघायला येऊ लागले. गवा शेपटी उडवीत सांगे, "बघा, सगळे कसे सुधारले!" पाहुणे माना डोलवीत. सुधारले म्हणजे नेमकं काय झालं, हे त्यांच्यातल्या एकानेही विचारलं नाही. विचारायला अक्कल लागते.

दारातल्या दगडावर त्या दिवशी एक सायाळ बसली होती. अंगभर काटे, तोंडाने फटकळ. सशाचं बीळ उकरून त्यातली कंदमुळं खाल्ली म्हणून ती आत आली होती. एवढ्या फटकळ बाईने इतके दिवस जीभ दाताखाली धरून काढले, ते दोन पिल्लांसाठी. त्या दुपारी पिल्लं मावशीबरोबर ओढ्यावर येणार होती. ओढा आटत आला होता, म्हणून मावशी तिथूनच त्यांना घेऊन डोंगरापलीकडे जाणार होती. आज भेट झाली नाही, तर पुन्हा कधी, याचा काही भरवसा नव्हता.

तिच्या मागच्या दगडावर कोल्हा होता, टिटवीची अंडी चोरणारा. गुहेतला सगळ्यांत शहाणा कैदी तोच. गवा दिसला की मान खाली, डोळे अर्धे मिटलेले. आणि सगळ्यांत आतल्या दगडावर, त्याच सकाळी आणलेलं एक म्हातारं कासव झोपलं होतं. मधले चार दगड त्या दिवशी रिकामे होते.

ऊन कलायच्या आधी गवा बाहेर झाडाखाली रवंथ करीत बसला होता. तेवढ्यात आत छतातून माती झरू लागली. आधी चिमूटभर, मग मूठभर, मग एक खडा थेट कासवाच्या पाठीवर. कासवाला जाग नाही. सायाळीने मान वळवून पाहिलं. कोल्ह्यानेही पाहिलं.

"बस गप्प," कोल्हा ओठ न हलवता पुटपुटला. "आज तुझा दिवस आहे."

"अरे, छत येतंय आजोबांच्या अंगावर!"

"आपल्या अंगावर येतंय का? हललीस तर परत वटवाघळांखाली. पोरं जातील निघून."

सायाळीने एकदा बाहेर ओढ्याच्या वाटेकडे बघितलं. एकदाच. मग तिने उडी मारली ती आतल्या बाजूला. काटे फुलवून खडखड वाजवले आणि ओरडली, "आजोबा, उठा! छत पडतंय!"

कासवाने काय करावं? दचकून मान आत घेतली! घरात बसलं की कासवांना सगळं ठीक वाटतं. सायाळ त्याच्या मागे गेली, पाठ वळवली आणि त्याच्या उघड्या शेपटीला काटे लावले.

"अगं, टोचतंय की!"

"टोचू दे! चाला!"

टोचत, ढकलत तिने त्याला चौथ्या दगडापर्यंत आणलं, आणि मागे धडाडकन छत खाली आलं.

गवा धूळ उडवीत आत शिरला. "कुणी ओरडलं? दगड कुणी सोडला?"

"हिने," कोल्हा म्हणाला. "मी नाही. मी जागचा हललो नाही."

"सायाळे, नियम तो नियम. जा सगळ्यांत आतल्या दगडावर."

"जाते की," सायाळ धापा टाकीत म्हणाली. "पण आतला दगड कुठं आहे, तेवढा दाखवा."

गव्याने पाहिलं. तिथे दगड नव्हता, मातीचा ढीग होता. ढिगाशेजारी कासव शेपूट चाटू पाहत होतं, पण त्याचं तोंड पोचत नव्हतं. गवा कोल्ह्याकडे वळला. "माती पडताना तुला दिसली?"

"दिसली तर! तरी मी गप्प बसलो. आता मला पुढचा दगड मिळेल ना?"

गव्याने खुराने मातीचा ढीग उकरून पाहिला. मग म्हणाला, "दोष तुझा नाही. इतके दिवस मी तुला हेच शिकवलं. मला झोप नीट लागावी म्हणून तुम्हाला गप्प बसवलं आणि त्याला सुधारणा म्हणत राहिलो." त्याने शिंगाने उरलेले दगड एकेक करून दरीत लोटले. "बक्षीस राहील. पण ते मी ठरवणार नाही. ज्याचं नुकसान केलंत, त्याचं काम करायचं. तुमची शिक्षा कधी हलकी करायची, ते तो सांगेल."

"म्हणजे माझं टिटवी ठरवणार?" कोल्हा किंचाळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याचा खरा आवाज निघाला. "ती जन्मात हो म्हणणार नाही!"

"मग तिची खात्री पटेपर्यंत तिच्या घरट्याभोवती काटेरी कुंपण घालीत राहा. मी बसतो बाजूला." मग गवा सायाळीला म्हणाला, "आणि तू पळ. ऊन कललंय."

सायाळ पळाली. मावशी निघण्याच्या बेतात होती, पण पिल्लं हटून बसली होती. पोटभर भेट झाली. गव्याने तिच्याबरोबर कुणी पहारेकरी पाठवला नव्हता. पिल्लांबरोबर डोंगरापलीकडे जाता आलं असतं.

दिवस मावळायच्या आत ती एकटी परत आली. पायांना ओढ्याची ओली माती होती. गव्यासमोर उभी राहून म्हणाली, "सशाला विचारा, नवीन बीळ कुठं खणून हवंय."

तात्पर्य एवढंच, पोरांनो : बक्षीस ज्या गोष्टीला द्याल, तीच गोष्ट पिकेल. गप्प बसण्याला द्याल तर गप्प बसणारे मिळतील. माणूस सुधारायचा असेल, तर त्याने ज्याचं बिघडवलं त्याचं नीट करण्याला द्या.