बोटभर चुकलेली खुंटी

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावची विहीर आटली होती आणि झरा होता डोंगराच्या पलीकडे. बायका रोज डोंगर चढून पाणी आणत. पुढच्या उन्हाळ्याआधी पाणी आलं नाही, तर गाव उठवायचं, असं ठरलं होतं.

गावातली एक पाथरवटीण म्हणाली, "मी डोंगर फोडून पाणी आणते. बोगदा सरळ गेला, की झालं."

त्या गावची रीत मोठी गमतीची. दिशा दाखवणाऱ्या दोन्ही खुंट्या एकाच मुहूर्तावर रोवायच्या, आणि मुहूर्त केवढा, तर नारळ फुटेपर्यंत! मग खुंट्या एकमेकींपासून लांब जाणार कशा? पाथरवटिणीने डोंगरासमोर एक खुंटी रोवली आणि घाईघाईत तिच्यापुढे, डोंगराच्या बाजूला, पाच हातांवर दुसरी. दोन्हींना हळदकुंकू वाहून गावच्या गड्यांसह त्या रेघेत खोदाई सुरू झाली.

महिन्याभराने तिला चैन पडेना. ती डोंगरमाथ्यावर चढली. तिथून झरा आणि पहिली खुंटी दोन्ही दिसत होती. त्यांच्या सरळ रेघेत तिने उंच काठी उभी केली. खाली येऊन पहिल्या खुंटीवरून काठीकडे नजर लावली, तर दुसरी खुंटी बोटभर बाजूला!

पाटील म्हणाले, "अगं, बोटभर तर आहे. पुजलेली खुंटी उपटू नये."

"पाटीलबाबा, पाच हातांवर एक बोट, तर दहा हातांवर दोन. झरा हजार हातांवर आहे. तिथे दोनशे बोटं, म्हणजे आठ हातांहून जास्त! तिथे नुसता कातळ आहे."

"आणि महिन्याभराची मेहनत?"

"वाया गेली. वाकड्या बोगद्यातून नवी रेघ दिसायची नाही. खुंटी मीच रोवली होती."

गडी चिडून घरी गेले. तिलाही रडू आलं. पण तिने खुंटी उपटली, काठीच्या रेघेत नवी रोवली आणि एकटीने पुन्हा पहिल्यापासून छिन्नी चालवली. हात सोलवटले, तरी ती थांबेना. मग पाणी वाहणाऱ्या बायका घमेली घेऊन आल्या आणि त्यांच्यामागून गडीही खाली मान घालून आले.

उन्हाळा तोंडावर आला असताना समोरचा दगड ओला लागला. आणखी एक घाव, आणि पाणी आत धावलं.

घोटाभर पाण्यात उभे राहून पाटील म्हणाले, "पोरी, माझं ऐकलं नाहीस, बरं केलंस."

तात्पर्य: सुरुवातीची बोटभर चूक वाटेबरोबर वाढत जाते, ती दिसली त्या दिवशीच उपटावी, मग कितीही मेहनत वाया जावो.