लिंपलेल्या दाराचा रानोबा

शिमग्यापासून मृगापर्यंत रानोबाच्या देवळाचं दार मातीनं लिंपलेलं असतं. मधे हात जाईल एवढीच फट. पाहुण्यांना वाटतं, डागडुजी चाललीय. मग बाबू गुरव त्यांना पायरीवर बसवून सांगतात, आणि सांगताना अजूनही चिडतात.

फार पूर्वी एका शिमग्यात गावात पटकी आली. येसू कुंभारीण सात महिन्यांची पोटुशी. नवरा धाकलू आजारी पडला, तेव्हा तिनं ओलेत्यानं देवळाला प्रदक्षिणा घातल्या. तरी धाकलू गेला. येसूनं चाकावरची मळलेली माती उचलली आणि देवळाचं दार लिंपून टाकलं.

"ज्याला दिसत नाही, त्याला दार कशाला?"

मानकऱ्यानं दरडावलं, "तुझ्या हातानं उघड."

ती नाही म्हणाली. तिला शिवेबाहेर काढलं. कुणी भाकरतुकडाही बांधून दिला नाही, असं सांगतात.

रानात ती एका बेहड्याच्या झाडाखाली टेकली. वर खोडातली ढोली चिखलानं बंद केलेली, आणि फटीतून धनेशाच्या मादीची चोच तेवढी बाहेर. येसूच्या अंगाचा भडका उडाला. इथंही बाईच कोंडलेली! ढोली फोडायला ती कमरेचा कोयता घेऊन वर चढली. इतक्यात नर आला. त्यानं गळ्यातून एकेक उंबर काढून चोचीत भरवलं. तो उडाला, आणि मादी आतूनच भेगा बुजवू लागली. दार तिनंच लावून घेतलं होतं, पिलांसाठी.

येसू खाली उतरली. नर दिवसभर खेपा घालायचा. खाली सांडलेल्या उंबरांवर म्हणे तिनं दिवस काढले. एका सकाळी ढोलीत पिलाचा आवाज आला. धाकलू का गेला, ते तिला कधीच कळलं नाही. पण ज्यानं या पाखराला ही माया दिली तो निर्दय नसावा, एवढं तिच्या मनानं घेतलं. तिथंच ती बाळंत झाली.

मृगाच्या तोंडावर ती लेक घेऊन परतली आणि आपल्या हातानं दार मोकळं केलं.

मानकरी म्हणाला, "आता देवाची माफी माग."

"देवाशी माझं मिटलं. तुमचं राहिलंय. पोटुशीला घास द्यावा, हे पाखराला कळतं. देवानं ती माया तुम्हालाही दिली होती. काय केलंत तिचं?"

 मानकऱ्याची आई पेजेचं भांडं घेऊन पुढं आली.

आजही त्या तीन महिन्यांत फटीतून दाखवलेला नैवेद्य आधी गावातल्या पोटुशीच्या घरी जातो, मग ती कुठल्याही जातीची असो. ती जेवून हात धुवेपर्यंत मानकऱ्याच्या घरात पान वाढत नाहीत.