फौजीच्या घरातलं एक मत

साताऱ्याकडच्या एका फौजी गावात हिंदुराव भोईटे आणि त्यांची बायको कौसल्याबाई राहत. त्यांचा लेक रणधीर लडाखला सीमेवर होता. लोकसभेची निवडणूक लागली तशी घरात भाकऱ्यांबरोबर राजकारणही भाजायला लागलं. हिंदुराव उमेदवार विश्वासरावांचे कट्टर समर्थक, तर कौसल्याबाईंना विश्वासरावांचं नावसुद्धा नको असे. रणधीरचा फोन आला की मात्र दोघं वाद सोडून एकाच फोनला कान लावत.

एके दिवशी विश्वासरावांनी भर सभेत जवानांच्या आईवडिलांचा सत्कार ठेवला. भोईटे जोडपं मंचावर आलं, तेवढ्यात कुणीतरी विश्वासरावांच्या कानात कौसल्याबाईंचा कल सांगितला. विश्वासरावांचा चेहरा उतरला. माइक हातात घेऊन ते म्हणाले, "जवानाच्या घरात दोन मतं? सीमेवरच्या पोराला काय वाटेल? फौजीच्या घरात मत एकच पाहिजे."

सगळ्या सभेसमोर हिंदुरावांची मान खाली गेली. नवऱ्याची ती मान बघून कौसल्याबाईंना राहवेना. त्या शांतपणे माइकजवळ गेल्या.

"पटलं, साहेब. आमच्या घरातनं एकच मत पडंल. हे घरी थांबतील, मी जाऊन मत देऊन येते."

सभेत खसखस पिकली. विश्वासराव घाईघाईनं म्हणाले, "तसं नव्हे बाई, यांचं मत तर पाहिजेच."

"मग राहू द्या की दोन," कौसल्याबाई म्हणाल्या.

सगळ्यांत मोठ्यानं हसले ते हिंदुराव. मतदानाला दोघं एकाच स्कूटरवरून गेले, आणि केंद्र येईपर्यंत भांडत गेले.