उंबराखाली सांडलेला घास

घाटातल्या एका जंगलात, रस्त्याच्या वळणापासून हाकेच्या अंतरावर एक जुना उंबर होता आणि त्या उंबरावर एक वानर राहत असे. वानर तसा गुणी होता, पण जेवायची रीत म्हणून त्याला नव्हती. कोवळी डहाळी मोडायची, चार पाने चावायची, बाकीची खाली टाकायची. एक उंबर तोडायचे, अर्धे खायचे, उरलेले खाली. तुम्ही ताटात असे टाकलेत तर आई काय म्हणेल, ते मी इथे लिहीत नाही. पण वानराच्या या वाईट खोडीवर खाली एक घर चालले होते.

रोज सकाळी एक हरिणी आपल्या त्या त्या वर्षीच्या पाडसाला घेऊन उंबराखाली येत असे. उन्हाळ्यात गवताच्या काड्या झाल्या, की वरून पडेल तोच तिचा घास. वानराने आणि तिने एकमेकांना कधी काही कबूल केले नव्हते. वानर उंचावरून लांबचे पाही, हरिणी खाली राहून वाऱ्यावरचा वास घेई. बिबट्याची चाहूल ज्याला आधी लागे तो ओरडे, आणि दोघांचाही जीव वाचे. अशी तीन वर्षे सुखात गेली.

चौथ्या उन्हाळ्यात वळणावर एक टपरी आली. टपरीत मोठी कढई, कढईत कांदाभजी, दोरीला वेफर्सच्या पुड्यांच्या माळा आणि फळीवर एक छोटा टीव्ही. गाड्या थांबत, माणसे खात आणि उरलेले पुडीसकट तिथेच टाकून जात. वानराने एकदा भज्याचा तुकडा चाखला आणि तो खुळावलाच. यात त्याला फार दोष देऊ नका. गरम कांदाभजी नावडणारा प्राणी मी तरी अजून पाहिलेला नाही. पण वानर एका भज्यावर थांबला नाही. सकाळी वेफर्स, दुपारी भजी आणि संध्याकाळी बाकाखाली बसून मालिका, असा त्याचा दिवस जाऊ लागला. त्या मालिकेत एका सासूने सुनेची पाटली लपवली होती. ती सापडल्याशिवाय वानराला घरी जाववत नसे, आणि बारा दिवस झाले तरी ती सापडत नव्हती.

इकडे उंबराखाली काही पडेनासे झाले. पिकलेली फळे पाखरे नेत आणि कोवळा पाला उंच फांदीवर तसाच राही. हरिणीचे दूध आटू लागले. पाडस ढुशा मारमारून थके आणि मुकाट्याने बसून राही. ते मुकाट बसणे हरिणीला बघवेना. शेवटी ती पाडसाला घेऊन रस्त्याच्या कडेपर्यंत गेली.

"वानरदादा, बारा दिवस झाले, वरून एक पान पडलं नाही," ती म्हणाली. "मला राहू दे, पण याला दूध पुरत नाही."

वानराने पडद्यावरची नजर काढली नाही. "ताई, पाला खायचे दिवस गेले. तूही जरा नवं काही शीक. हे घे."

त्याने एक उघडी पुडी तिच्यापुढे सरकवली. हरिणीने चाटून पाहिले. खारट चव तिला आवडली, नाही असे नाही. पण पाडस पुडीत तोंड घालून सटासट शिंकले, आणि भूक राहिली बाजूला, दोघांना तहान मात्र लागली. हरिणी पाडसाला घेऊन परत फिरली. तिला फार वाईट वाटले होते.

दुसऱ्या दिवशी उन्हे कलताना तिने पाडसाला करवंदीच्या जाळीत बसवले आणि ती पाण्यावर निघाली. चार पावले गेली आणि थबकली. वाऱ्याला बिबट्याचा वास होता. मग तो दिसलाही. तो जाळीजवळून तिच्याकडे न बघताच पुढे गेला, कारण त्याचे लक्ष टपरीकडे होते. टपरीवाला घागर घेऊन झऱ्यावर गेला होता, टीव्ही तसाच चालू होता, आणि बाकाखाली आपला वानर वेफर्सच्या पुडीत कानापर्यंत डोके खुपसून तळाचा चुरा चाटत होता.

हरिणी गप्प राहिली असती तर तिचे काही बिघडत नव्हते. बिबट्या पुढे गेला होता. ओरडली असती तर तो वळला असता, आणि पाडसाची जाळी त्याच्यापासून दहा झेपांवरही नव्हती. तिने एकदा जाळीकडे पाहिले. मग जमिनीवर खूर आपटला आणि जिवाच्या आकांताने ओरडली.

टीव्हीवर जाहिरातींचा कलकलाट चालला होता, पण ही हाक वानराच्या कानात तीन वर्षे मुरलेली होती. विचार करायला तो थांबलाच नाही. पुडी डोक्यात तशीच, डोळ्यांना काही दिसत नाही, अशा स्थितीत त्याने उडी घेतली आणि हाताला लागले ते खोड धरून सरसर वर गेला. त्याच क्षणी बिबट्या बाकावर येऊन आदळला. वरून वानर डोक्यातली पुडी फेकून खर्र खर्र ओरडू लागला, खालून हरिणी ओरडतच होती. बिबट्याचे असे असते, की एकदा बोभाटा झाला की त्याची शिकार संपली. त्याने बाक हुंगला, शेपटी झटकली आणि तो दरीत उतरून गेला.

अंधार पडायच्या आत वानर उंबरावर परतला आणि अगदी खालच्या फांदीवर येऊन बसला.

"ताई, तू गप्प का नाही बसलीस? तुझं पिल्लू तिथंच होतं."

"तीन वर्षं तुझंच खाल्लंय, दादा."

"मी कुठं देत होतो? मी सांडत होतो."

"सांडलेलं काय आणि वाढलेलं काय," हरिणी म्हणाली, "पाडसाच्या पोटाला सारखंच."

वानराला भरून आले. तो वर चढला, शेंड्याची सगळ्यांत कोवळी डहाळी त्याने मोडली आणि आयुष्यात पहिल्यांदाच आधी खाली वाकून पाहिले, मग ती बरोबर हरिणीच्या पुढ्यात सोडली. आठवड्याभरात पाडस पुन्हा ढुशा मारू लागले.

वानराने भजी सोडली, असे मात्र समजू नका. रविवारी गर्दी असली की तो एक भजे उचलतो आणि उंबरावर आणून खातो. खातो निम्मेच. उरलेले खाली टाकतो, कारण खोड काही जात नाही. हरिणी ते हुंगते आणि नाक मुरडते. सुनेची पाटली सापडली की नाही, हे वानराला अजून ठाऊक नाही आणि त्यावाचून त्याचे काही अडलेलेही नाही.

तात्पर्य : आवडीचे चार घास खुशाल खावेत, पण रोजच्या पंगतीतल्या सोबत्यावरची नजर काढू नये; पाठीमागून बिबट्या येतो तेव्हा त्या सोबत्याचीच हाक कामी येते.