न सांगता गेलेली पोर

"साधं 'येते' म्हणून निघायची पद्धत नाही का हो तुमच्यात, आजी?"

मॅडमनी पायांतल्या चपलासुद्धा अजून काढल्या नव्हत्या, आणि हा प्रश्न.

ठकूआजी चुलीपुढे भाकरी थापत होती. तिनं आमच्याकडे पाहिलं, मग आमच्या चपलांकडे.

"बसा," ती म्हणाली.

मॅडम म्हणजे डॉ. अनुपमा कारखानीस, आमच्या विद्यापीठातल्या मानसशास्त्र विभागाच्या प्रमुख. मनाच्या जखमांवर त्यांची दोन जाडजूड पुस्तकं आहेत. मी सोपान गुंजाळ, त्यांच्या विभागातला लिपिक. त्या दिवशी माझ्याकडे फक्त त्यांची पिशवी होती. पिशवीत सारिका असवलेचा परीक्षेचा अर्ज होता आणि त्यावर तिची सही हवी होती. शनिवारी मुदत संपत होती. सही झाली नाही, तर पोरीचं पदवीचं शेवटचं वर्ष पाण्यात जाणार होतं. आज गुरुवार होता.

सारिका मागच्या गुरुवारी वसतिगृहातून निघून गेली होती. कुणाला न सांगता.

सात वर्षांपूर्वी डोंगराची दरड कोसळली आणि तिची वाडी गाडली गेली. सारिकाचे आईबाप गेले, धाकटा भाऊ गेला. उरलेल्यांना सरकारनं ही पत्र्याची घरं दिली. ठकूआजी त्यांच्यात सगळ्यात म्हातारी. बाळंतपण असो की मयत, पहिली हाक तिलाच जायची. सारिकाला तिनंच वाढवलं होतं.

"कुठंय ती?" मॅडमनी विचारलं.

"सरपनाला गेलीय. यील."

"आम्ही तिच्यासाठी काय नाही केलं, आजी? मागच्या आठवड्यात खास 'आपलेपणा सप्ताह' भरवला. लांबून आलेल्या मुलांना विद्यापीठ परकं वाटू नये म्हणून. सात वर्षं ही मुलगी त्या दरडीबद्दल एक शब्द बोलली नव्हती. मी तिला बोलतं केलं."

"कुनापुढं?"

"चारशे माणसं होती. सभागृह गच्च भरलं होतं."

"मंग?"

"मग काय… सगळ्यांचे डोळे ओले. कुलगुरूंनी स्वतः शाल आणि श्रीफळ देऊन तिचा सत्कार केला. सगळं सभागृह उठून उभं राहिलं. दोन मिनिटं टाळ्या थांबत नव्हत्या."

आजीचा हात परातीत थांबला.

"टाळ्या?"

"हो."

"पोरीनं आईबाप मेल्याचं सांगितलं… आन् टाळ्या?"

"कौतुकाच्या हो, आजी. तिच्या धीराच्या."

मी मान खाली घातली. शाल मीच आणली होती, आणि नारळ चांगला वाजवून घेतला होता. टाळ्याही हात दुखेपर्यंत वाजवल्या होत्या. नंतर आभारप्रदर्शन झालं आणि मग अल्पोपाहार. बटाटेवडे गरम होते. मी दोन खाल्ले. आज हे लिहिताना लाज वाटते, तेव्हा वाटली नव्हती.

आजीनं भाकरी तव्यावर टाकली. वरून पाण्याचा हात फिरवला.

"बाई, तुमचं कोन गेलंय?"

मॅडम हसल्या. व्याख्यानात कुणी भोळा प्रश्न विचारला की त्या अशाच हसतात.

"आपण सारिकाबद्दल बोलतोय, आजी."

"तुमचं कोन गेलंय?"

"तसं काय… प्रत्येकाचंच कुणी ना कुणी…"

आजी नुसती बघत राहिली. चुलीतलं लाकूड तडतडलं. मला वाटलं, मॅडम आता घड्याळ बघतील आणि उठतील. त्यांना वेळ वाया गेलेला खपत नाही.

"मुलगा," मॅडम म्हणाल्या.

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. अकरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. मुलगा?

"नऊ दिवसांचा होता. काचेच्या पेटीत होता, नळ्या लावलेला. माझ्या हातात एकदाही… बारसं व्हायचं होतं, त्यामुळे नाव नव्हतं. कागदावर नुसतं 'कारखानीस यांचे बाळ'… तेराव्या दिवशी मी वर्गावर गेले. विद्यापीठात कुणाला सांगितलं नाही. आजतागायत कुणालाच…"



मला ती रजा आठवली. मी नोकरीला नवा होतो. रजिस्टरमध्ये 'वैद्यकीय' असं माझ्याच अक्षरात लिहिलं होतं. परत आल्यावर मी त्यांना विचारलं होतं, काय मॅडम, ताप होता का?

आणि तेवढ्यात आजीनं पिठाचे दोन्ही हात उचलले आणि टाळ्या वाजवल्या.

एक. दोन. तीन.

आधी वाटलं, पीठ झटकतेय. नाही. ती सरळ मॅडमकडे बघून टाळ्या वाजवत होती. मोठ्यानं. पीठ उडून मॅडमच्या साडीवर पडलं.

मॅडमचं तोंड उघडंच राहिलं. भर रस्त्यात कुणी मुस्कटात मारावी, तसा त्यांचा चेहरा झाला होता. मला असा संताप आला की मी ताडकन उठलो. पिशवी खाली पडली.

"आजी! काय हे? काही माणुसकी आहे का नाही?"

आजीनं हात खाली घेतले.

"लई लागलं, दादा?"

मी पडलेली पिशवी उचलली.

"मी एकलीच हाय," ती म्हणाली. "चारशे न्हाईत."

…

तव्यावरची भाकरी करपली. ती उलटायचं कुणाला सुचलं नाही. मी खाली बसलो. माझेच हात मला परके वाटत होते, ते मांडीखाली दाबून धरले.

मग मॅडम रडल्या. पुस्तकं लिहिणारी बाई अशी रडते, हे मला ठाऊक नव्हतं. नाक, डोळे, पदर, सगळं एक झालं. मधूनच त्या काहीतरी म्हणत होत्या. एकदा मला 'सारिका' असं ऐकू आलं, एकदा 'काय केलं मी'.

आजी उठली. करपलेली भाकरी बाजूला टाकून तिनं दुसरी केली. ती थाळीत घेतली, वर पिठलं वाढलं आणि मॅडमच्या खांद्याला खांदा लागेल अशी येऊन बसली.

आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलंभाकरी घेऊन जातात आणि घरच्यांना बळंच दोन घास खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. लहानथोर, सगळ्यांना हे ठाऊक असतं. मॅडमना त्या वेळी तो कुणी दिला होता का? निदान आम्ही तरी दिला नव्हता. आम्ही रजा मंजूर केली होती.

"घे, लेकी," आजी म्हणाली. "शिळा झालाय. पर घे."

मॅडमनी घास घेतला. 

तेवढ्यात दारात सारिका आली, डोक्यावर लाकडांचा भारा. तिनं मॅडमना पाहिलं, त्यांचा चेहरा पाहिला, मांडीवरची थाळी पाहिली. भारा हळूच उतरवून ठेवला. काय झालं, कसं झालं, एका शब्दानं विचारलं नाही. हातपाय धुतले आणि मॅडमच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली.

तिघी खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. मानसशास्त्राच्या दोन्ही पुस्तकांत हे कुठे आलंय का, मला माहीत नाही. मी फक्त त्यांची मुद्रितं टपालानं छापखान्याला पाठवली होती.

मला आपली अर्जाची काळजी. सवय कुठे जाते? मी पिशवीतून तो हळूच बाहेर काढला. मॅडमनी मान हलवली.

"राहू दे, सोपान. हे असं इथे नाही घ्यायचं."

उन्हं कलायला लागली तशा त्या उठल्या. सारिका थाळी धुवायला मागे गेली होती. मॅडम अनवाणीच अंगणात उतरल्या, चपला पायात घालायला वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"आजी, परवा शनिवार. ती येईल का हो? रागावून विचारत नाही आता… पण इतकी गुणी पोर, एक शब्दही न बोलता आमच्याकडून का निघाली?"

आजीनं बोटांच्या पेरांवर अंगठा टेकवत दिवस मोजले. मागच्या गुरुवारपासून परवाच्या शनिवारपर्यंत.

"मयताच्या घरातनं उठताना 'येते' म्हनत नसत्यात, लेकी," ती म्हणाली. "दहाव्याला येत्यात… घरात रडनारं कुनी असलं, तर."