ओढ्यापलीकडची वानरी

घाटाखालच्या एका जंगलात, ओढ्याच्या काठी, वानरांची एक टोळी राहत असे. त्या टोळीतल्या एका वानरीला चार महिन्यांचे पिलू होते. ते सदा तिच्या पोटाला बिलगलेले असे आणि तिलाही त्याच्यावाचून घटकाभर करमत नसे.

मुलांनो, त्या वर्षी टोळीत खोकल्याची साथ आली. दोन तान्ही पिले दगावली. एके सकाळी आपल्या वानरीने पाडाचा आंबा नाकाशी धरला, तर वासच येईना. तिने पिलाचे डोके हुंगले. तिथेही काही नाही. पिलाला धाकट्या बहिणीकडे देऊन ती ओढ्यापलीकडच्या उंबराकडे निघाली. तिथे एक म्हातारे वटवाघूळ उलटे टांगलेले असे. सगळे त्याला टाळत, पण त्याने पुष्कळ जग पाहिले होते.

"आजोबा, मला कशाचाच वास येत नाही. मला काय झालंय?" वानरीने खालूनच विचारले.

"तुझ्याकडे पाहुणा आलाय, पोरी," वटवाघूळ म्हणाले. "असले पाहुणे आमच्या कुळाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. आपलं अंग म्हणजे मधाचं पोळं समज, बारीक बारीक घरांचं. घराला दार, दाराला कडी. हा पाहुणा डोळ्यांना दिसत नाही इतका लहान. त्याच्या अंगावर काटे असतात आणि ते नेमके त्या कडीत बसतात. दार उघडतं आणि तो आत जातो."

"आत जाऊन काय करतो? खातो?"

"त्याला तोंडच नाही. एकट्याला त्याला काही म्हणजे काही करता येत नाही. तो नुसता एक निरोप घेऊन येतो, 'माझ्यासारखे घडवा.' घरातले कामकरी भोळे. त्यांना वाटतं, निरोप घरातूनच आला. हातातलं काम टाकून ते त्याच्यासारखेच घडवत बसतात. एकाचे शेकडो होतात, बाहेर पडतात आणि पुढची दारं गाठतात. मागे राहिलेलं घर मोडून पडतं. तू खोकलीस की त्यातले कितीतरी उडून दुसऱ्याच्या नाकात जातात."

वानरीने ओढ्याच्या दिशेने वळून पाहिले. मग तिने हळूच विचारले, "आणि पिलू?"

"त्याचीही घरं तशीच, कड्याही तशाच. तुझ्या अंगातल्या राखणदारांना पाहुण्याची ओळख पटली की ते त्याला हुसकून लावतील. पण त्याला बारा-पंधरा दिवस लागतात. तोवर पोराजवळ जाऊ नकोस."

वानरी माघारी गेलीच नाही. लांबूनच तिने बहिणीला हाक मारली, "त्याला सांभाळ गं. तुझ्या पिलाबरोबर त्यालाही पाज."

"ताई, अगं निदान एकदा जवळ तरी घे."

"नको. एकदा घेतलं तर सोडवणार नाही."

ती ओढ्यापलीकडच्या जांभळीवर राहिली. अंगात ताप, छातीत घरघर. पण त्याहून वाईट होते ते रिकामे पोट, जिथे पिलाच्या मुठी असायच्या. झोपेत तिचे हात आपोआप तिथे जात. दिवसभर ती पानांच्या फटीतून पलीकडे पाहत बसे. पिलू मावशीच्या अंगावर लोळताना दिसले की तिला बरे वाटे आणि त्याच क्षणी कसेसेच होई. पहिले काही दिवस ते तिच्या दिशेने बघून किंचाळे. तिने एकदाही ओ दिली नाही.

सातव्या दिवशी पिलू मावशीचा डोळा चुकवून ओढ्यावर झुकलेल्या फांदीवर आले. जांभळीची फांदी तिथून एका उडीवर होती. पिलाने आईकडे पाहिले आणि उडीसाठी अंग आखडले. वानरीचे हात पुढे झाले. तेवढ्यात तिला खोकला आला. तिने हात मागे घेतले आणि बिबट्या दिसल्यावर वानर देतात तसा कर्कश इशारा दिला. सगळी टोळी शेंड्याकडे पळाली. मावशीने झडप घालून पिलाला उचलले. पानांआड जाईपर्यंत ते भेदरून आईकडेच पाहत होते. त्यानंतर ते तिच्याकडे बघून कधी किंचाळले नाही.

सोळाव्या दिवशी वानरी बरी होऊन ओढा ओलांडून आली. पिलू धडधाकट होते, अंगाने भरले होते. आईला पाहताच ते मावशीच्या पाठीमागे लपले.

"घे ना त्याला, तुझंच आहे," बहीण म्हणाली.

"राहू दे. माझ्या ओरडण्याला भ्यालंय ते. येईल त्याच्या मनानं."

ती हातभर अंतरावर बसून राहिली. त्या दिवशी पिलू आले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ती डोळे मिटून बसली असता तिच्या शेपटीचे टोक कोणीतरी हळूच धरले. तिने मागे वळून पाहिले नाही. शेपटी मात्र जराही हलू दिली नाही.

तात्पर्य : ज्याच्यावर जीव आहे, त्याच्यासाठी कधी कधी दूरही राहावे लागते, आणि तेवढे बळ मायाच देते.