गेनूनं सांभाळलेली अमेरिकन तिकिटं

कोयनाकाठच्या एका गावात गेनू नावाचा एक भोळा गडी राहत होता. तात्या रिसबुडांच्या घरी तो कामाला होता. तात्यांना नाद अमेरिकेच्या जुन्या टपाल तिकिटांचा. स्वतः कधी साताऱ्यापलीकडे गेले नाहीत, सख्ख्या भावाला कधी साधं कार्ड टाकलं नाही. पण अमेरिकेच्या मेलेल्या अध्यक्षांवर त्यांचा फार जीव.

एकदा एक जुनं पाकीट आलं. तात्या म्हणाले, "गेन्या, यावरचं तिकीट काढ."

गेनूनं नखानं ओढून काढलं. अध्यक्षांचं नाक पाकिटावरच राहिलं.

"अरे टोणग्या! आधी पाण्यात भिजवायचं असतं!"

"बरं जी."

पुढं एक कोरं तिकीट आलं. फार जुनं, तरी मागचा गोंद शाबूत. त्या गोंदासाठीच तर तात्यांनी ते मागवलेलं. गेनूनं ते तांब्यात भिजत घातलं.

"गोंद गेला की रे! याला पाणी दाखवायचं नाही. चिमट्यानं उचलायचं. अलगद, एकेक!"

"बरं जी."

मग एके सकाळी उदबत्ती कलंडली ती उघड्या अल्बमवर. पान पेटलं. तात्या न्हाणीतून ओलेच धावत आले. बघतात तर शेजारी पाण्याची घागर भरलेली, आणि गेनू चिमट्यानं तिकिटं उचलतोय. अलगद. एकेक. एक वाचलं, बाकी पानाची राख.

"एकट्याला काय वाचवतोस? हात घातलास की सगळ्यांना घाल! एकही सोडू नकोस!"

तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. गेनूला फार वाईट वाटलं. मालकांचं नुकसान आपणच भरून काढायचं, असं त्यानं ठरवलं.

थोड्याच दिवसांत तिकिटांची किंमत करायला पुण्याहून तोरणे नावाचे पारखी आले. भिंग लावून, नाक मुरडत पानं उलटू लागले. "साधारण... हेही साधारण..." शेवटच्या पानावर मात्र त्यांचं भिंग थांबलं. एका तिकिटावर निळं विमान होतं, छापताना उलटं पडलेलं.

"तात्या, घर विकलंत तरी असलं दुसरं मिळायचं नाही! विमान उलटं आहे ना, म्हणून मोल. सरळ असतं तर कुत्रं विचारत नाही."

गेनू दारात चहा घेऊन उभा होता. त्यानं ते नीट ऐकून घेतलं.

दुपारी जेवून दोघं आडवे झाले. गेनूनं ब्लेड घेतलं, वाटीत खळ कालवली आणि मान खाली घालून कामाला लागला.

उठल्यावर तात्यांनी अल्बम उघडला. प्रत्येक तिकिटातलं मधलं चित्र कापून, उलटं फिरवून, खळीनं चिकटवलेलं. पानोपान अध्यक्ष शीर्षासनात. तोरण्यांनी हातातलं भिंग खाली ठेवलं.

"गेन्या," तात्या म्हणाले, "विमान?"

"त्येबी केलं जी!" गेनूची छाती फुगली. "एकबी सोडलं न्हाई."

अख्ख्या अल्बमात तेवढं एक विमान सरळ उडत होतं.